नवीन मासे आणले की जुनेही मरतात, टाकीत भर घालायची तरी कशी?

संध्याकाळची_लोकल | १४ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. या विभागात पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

डोंबिवलीत राहतो. लेकीच्या सातव्या वाढदिवसाला, २५ मेला, दोन फुटी टाकी आणली. माप २४ × १२ × १५ इंच. दुकानदाराने टाकी, झाकण, लाईट, आतला मोटरवाला फिल्टर, निळे खडे, बुडबुडे सोडणारा एक शिंपला असं सगळं पॅकेज दिलं आणि त्यातच मासे. २ गोल्डफिश, ३ गप्पी, २ ब्लॅक मॉली आणि "काच साफ करायला" १ सकर. म्हणाला पाणी भरा, या बाटलीतले दहा थेंब टाका, अर्ध्या तासाने मासे सोडा, झालं. तसंच केलं.

चार दिवस घरात नुसता उत्सव. पाचव्या दिवशी पाणी ताकासारखं पांढुरकं झालं आणि सहाव्या दिवशी सकाळी दोन गप्पी उलटे. मग मी सगळं पाणी काढलं, खडे परातीत घालून धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून अगदी नव्यासारखा केला, ताजं पाणी भरलं आणि नवीन २ गप्पी आणि ६ नियॉन आणून सोडले. चार नियॉन दुसऱ्या दिवशी गेले, उरलेले त्याच आठवड्यात. नवे गेले ते गेले, जुन्यातला एक गोल्डफिश आणि एक मॉली पण गेली. गप्पी तर एकही नाही.

आज टाकीत १ गोल्डफिश, १ मॉली, १ सकर. बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत लेकीने आइस्क्रीमच्या काड्या खोचून खुणा केल्यात, काल मोजल्या तर तेरा. आई म्हणते जीव विकत आणून मारायचे कसले छंद तुमचे. दुकानदार म्हणतो तुमचा हात जड आहे, रविवारी या, परत सहा नियॉन देतो स्वस्तात. जाऊ का? आणि नवीन मासे सोडायची नीट पद्धत काय ते कोणी सांगेल का?

तळलेला_बोंबील | १४ जून, रात्री ११:०५

शीर्षक वाचून वाटलं फ्रिजर बिघडला, म्हणून धावत आलो 😀 हलकेच घ्या.

पण रविवारी अजिबात जाऊ नका. बाकीचं काकू सांगतीलच.

निळू_काकू | १४ जून, रात्री ११:४८

लोकल, आधी हात जड वगैरे डोक्यातून काढा. तुमच्या हातात काही दोष नाही, टाकीला विरजण लागलेलं नाही एवढंच.

असं बघा. दूध आणलं, पातेल्यात ओतलं आणि म्हणालात आता दही हो, तर होतं का? मासा खातो, हगतो, श्वास सोडतो, त्यातून पाण्यात अमोनिया जातो. अमोनिया त्याच्याच कल्ल्यांना जाळतो. नदीत तळ्यात हा अमोनिया खाणारे जीवाणू असतात, ते त्याचं नायट्राईट करतात. नायट्राईट पण विषारीच, माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात हवा असून तो गुदमरतो. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राईटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते आपण आठवड्याला पाणी बदलून काढायचं. या चक्रालाच 'सायकल' म्हणतात. हे दोन्ही जीवाणू नव्या टाकीत नसतात. ते आपसूक वाढायला चार ते सहा आठवडे जातात. आणि ते राहतात कुठे? पाण्यात फारसे नाहीत. स्पंजवर, खड्यांवर, काचेवर. जो स्पंज तुम्ही चोळून चोळून नव्यासारखा केलात ना, त्यावर आठवडाभरात जे काय चार जीवाणू बसले असतील ते तुम्ही क्लोरीनच्या पाण्याने धुऊन गटारात घालवलेत. विरजणाची वाटी विम लावून घासली म्हणा ना.

त्यामुळे प्रत्येक वेळी नवीन मासे म्हणजे तेच आजारी पाणी आणि खाणारी तोंडं जास्त. म्हणून नवीन मेले आणि जुनेही मेले.

आता काय करायचं: मासे आणायचे नाहीत. खाणं एक दिवसाआड आणि अगदी चिमटीच्या टोकाएवढं. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन घालून. फिल्टर रात्री बंद करायचा नाही (करता ना? सगळे करतात, आवाज येतो म्हणून). थेंबांची टेस्ट किट घ्या, अमोनिया-नायट्राईट-नायट्रेट तिन्हीची. टीडीएस मीटरने यातलं काही कळत नाही, तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो.

संध्याकाळची_लोकल | १५ जून, सकाळी ७:२०

काकू, रात्री बंद करत होतो 🙈 बेडरूमला लागूनच आहे टाकी. आजपासून चालू.

आणि ते दहा थेंब निळे होते, शाईसारखे. ते अँटी-क्लोरीन का?

खेकडा_मामा | १५ जून, सकाळी ९:१४

नाही. निळे थेंब म्हणजे मेथिलीन ब्ल्यू. बुरशीवर, अंड्यांवर वापरायचं औषध आहे ते, क्लोरीनशी त्याचा संबंध नाही, उलट तुम्हाला जे जीवाणू वाढवायचेत त्यांनाच मारतं. टाकीच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन निळं झालं असेल बघा, ते आता जात नाही. अँटी-क्लोरीन म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, पांढरे खडे किंवा पाण्यासारखं द्रावण. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास येतो त्या दिवसांत तर विसरायचंच नाही.

दुसरं, तुमची टाकी ७० लिटरची दिसते कागदावर, पण खडे, शिंपला आणि वरची दोन बोटं रिकामी जागा धरून पाणी ६० लिटरच्या आसपास. त्यात दोन गोल्डफिश आणि एक सकर म्हणजे वन आरकेत चार सासुरवाड्या. गोल्डफिश हा घाण करणारा मासा आहे, वितभर तर सहज होतो. सकर तर दीड फुटापर्यंत जातो, आत्ता बोटाएवढा दिसतोय तो त्याचा बालवाडीतला फोटो समजा. आणि तो तुमची काच साफ करतो त्याच्या दुप्पट घाण करतो, दोरीसारखी लांब लांब. गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर पण चाटतो रात्री. दोघांना घर शोधा.

अर्धा_ग्लास | १५ जून, सकाळी ९:४०

माझ्या एका मित्राने सकर खाडीजवळच्या तलावात सोडला, आता मजेत असेल. पुण्य पण लागेल. करून टाका.

खेकडा_मामा | १५ जून, सकाळी ९:५१

अर्धा ग्लास, कृपया असं कोणाला सांगू नका. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. लोकांनी असंच पुण्य कमावत सोडले आणि आता उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात मरळ-कटल्याऐवजी हेच येतात. अंगावर काटेरी कवच, जाळी फाटतात, बाजारात कोणी विचारत नाही. तलाव हे टाकीचं गटार नाही.

अर्धा_ग्लास | १५ जून, सकाळी १०:०२

बरं बरं, चिडू नका. माहीत नव्हतं.

बोअरवेल_बाबा | १५ जून, दुपारी १:३०

मी संभाजीनगरला १५ वर्षं मासे पाळतोय. टेस्ट किट नाही, अँटी-क्लोरीन नाही, सायकल-बियकल काही नाही. बोअरचं पाणी भरतो आणि मॉली सोडतो, पिल्लांवर पिल्लं होतात, वाटून वाटून थकलो. उगाच नवीन माणसाला घाबरवू नका, मासे पाळणं म्हणजे काय केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे काय.

निळू_काकू | १५ जून, दुपारी २:१०

बाबा, तुमचं जमतं कारण एक तर बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, दुसरं ते जड, म्हणजे क्षारांचं पाणी मॉलीला मानवतं, तिसरं टाकी पंधरा वर्षं जुनी. तुमचं विरजण कधीच लागलंय, तुम्हाला ते दिसत नाही इतकंच. आणि खरं सांगा, सुरुवातीला किती मेले?

बोअरवेल_बाबा | १५ जून, दुपारी २:२५

...मेले बरेच. पण तेव्हा मॉली पाच रुपयाला होती.

संध्याकाळची_लोकल | १६ जून, रात्री ९:३५

किट आली. लेकीने परीक्षानळी धरली, मी थेंब मोजले. अमोनियाची नळी पिवळी राहायला हवी होती ती चांगली हिरवीगार झाली, कार्डावर २ च्या जवळ. नायट्राईट ०.२५, हलका जांभळट. नायट्रेट जवळजवळ शून्य. म्हणजे मामला अमोनियावरच अडकलाय ना? ती म्हणाली बाबा हिरवा म्हणजे चांगलं ना, सिग्नलसारखं. काय सांगणार.

मिनेसोटातली_मंजू | १७ जून, सकाळी ६:५५

हो, अजून पहिल्या पायरीवर आहात. आज आणि उद्या अर्धं अर्धं पाणी बदला, मग रोज तिसरा हिस्सा. तापमान शक्यतो सारखं ठेवा.

एक अवांतर. इकडे बऱ्याच शहरांत पाण्यात क्लोरीन नाही तर क्लोरामीन टाकतात, ते बादलीत रात्रभर ठेवून उडत नाही, कंडिशनर घालावंच लागतं. पुण्याला असताना आई बादली भरून गच्चीत ठेवायची, दुसऱ्या दिवशी टाकायची, काही झालं नाही कधी. इथे आल्यावर तोच प्रयोग केला आणि सगळे डॅनिओ गमावले. गंमत म्हणजे डॅनिओ आपल्याकडचाच मासा, पट्टेवाला झेब्रा डॅनिओ. १८२२ साली हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातले मासे नोंदवले त्यात तो आहे, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. आपल्या ओढ्यातला मासा इथे डॉलर देऊन घेतला आणि मारला, अजून चुटपुट लागते.

तळलेला_बोंबील | १७ जून, सकाळी ८:१०

आपल्या ओढ्यातला मासा आपण वेगळ्या पद्धतीने गमावतो. कांदा, कोकम, तिखट.

खेकडा_मामा | १८ जून, रात्री १०:२०

लोकल, मी ठाण्याला असतो. माझी चार फुटी टाकी सहा वर्षं चालू आहे आणि गेल्या वर्षभरात कुठला रोग आलेला नाही (हे महत्त्वाचं, कोणाच्याही टाकीतला स्पंज घेऊ नका, त्याच्यासोबत त्याचे रोगही येतात). दोन स्पंज फिल्टर आहेत, एक देतो. टाकीच्याच पाण्यात पिशवीत घालून आणतो, तासा-दोन तासात तुमच्या टाकीत गेला पाहिजे, सुकला किंवा गुदमरला तर जीवाणू मरतात. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

संध्याकाळची_लोकल | २१ जून, रात्री ११:१५

विरजण मिळालं!!

ठाणे स्टेशनला पुलाखाली भेटलो. मामांनी पिशवीतून काळपट तपकिरी ओला गोळा काढला, शेवाळी वास, खालून थेंब गळतायत, बाजूला उभा एक माणूस दोन पावलं मागे सरकला. मी त्यांना घरी बोलवत होतो तर म्हणाले आधी हे टाकीत घाल, चहा नंतर. डोंबिवलीपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसलो. शेजारच्या काकांनी विचारलं काय आहे, म्हटलं जीवाणू. उल्हासनगरपर्यंत बोलले नसतील कोणाशी.

आता टाकीत लावलाय, आधीचा फिल्टरही चालू आहे. गोल्डफिश ऑफिसातल्या एकाकडे गेला, त्याची चार फुटी गोल्डफिशचीच टाकी आहे. सकर मामांनी सांगितलेल्या एका ओळखीच्यांकडे. टाकीत फक्त ती एक मॉली. एकटीच फिरते, लेक म्हणते तिला करमत नाही.

निळू_काकू | २२ जून, सकाळी ८:००

करमू दे थोडं तसंच. त्या एका मॉलीच्या अमोनियावर जीवाणू जगतील, तेवढंच हवंय. पण हे लक्षात ठेवा की एका मॉलीपुरतं विरजण दहा माशांना पुरत नाही. जीवाणू खाणं मिळेल तितकेच वाढतात, नवे मासे आले की त्यांना वाढायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून एका वेळी थोडेच मासे. तुमच्या टाकीत पहिल्या खेपेला सहा छोटे मासे, मग तीन आठवडे थांबा. वाढदिवसाला बारा, गणपतीला बारा असं नाही.

अर्धा_ग्लास | २२ जून, सकाळी ९:३०

मासा न घालता सायकल करता येते म्हणतात ना? अमोनिया टाकून? मी नवीन टाकी घेतोय म्हणून विचारतोय.

खेकडा_मामा | २२ जून, दुपारी १२:०५

येते, आणि खरं तर तीच नीट पद्धत, माशाला त्रास नाही. अमोनियम क्लोराईड वापरतात. म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला भांडं तापवून त्यावर टाकायचा आणि पांढरा धूर यायचा तोच. पण दुकानातल्या नवसागरात काय काय असेल सांगता येत नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. ६० लिटरला अमोनिया २ पर्यंत न्यायला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी लागतो, चमचा घेऊन बसू नका. २ चा शून्य आणि नायट्राईट पण शून्य, हे २४ तासांत व्हायला लागलं की टाकी तयार. मग पाणी बरंचसं बदलून मासे.

संध्याकाळची_लोकल | ५ जुलै, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. अमोनिया ० (पिवळी नळी बघून घरात टाळ्या), नायट्राईट ०.५, नायट्रेट १०. एक दिवस चार तास लाईट नव्हते, मॉली वर येऊन तोंड मारत होती, मग बॅटरीवरचा छोटा एअर पंप घेतला.

संध्याकाळची_लोकल | १४ जुलै, रात्री ९:४०

० / ० / २०. सलग चार दिवस. आता आणू का? नियॉन हवेत, लेकीचा हट्ट आहे. आणि पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून सोडतात ते पुरेसं का? एका व्हिडिओत थेंब थेंब पाणी दोन तास सोडत होता.

निळू_काकू | १४ जुलै, रात्री १०:३०

शाब्बास. आणा, सहाच आणा, पण टाकीत थेट नाही. आधी टब.

२०-२५ लिटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा टब घ्या, त्यात छोटा स्पंज फिल्टर. तो आत्ताच तुमच्या मोठ्या टाकीत टाकून ठेवा म्हणजे टबालाही विरजण मिळेल. पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे लपायला. वरून जाळी नाहीतर झाकण, नियॉन उडी मारतात. तीन आठवडे तिथे. टबाची जाळी, मग, नळी सगळं वेगळं, टाकीत घालायचं नाही. लोक म्हणतात जागा नाही, वेळ नाही. तेरा काड्या आहेत ना कुंडीत, त्या बघून जागा करा.

नियॉन अगदी नवख्यांसाठी सोपा मासा नाही, तुमचं पाणी मऊ आहे हे त्याच्या पथ्यावर. दुकानात विचारा किती दिवसांपूर्वी आले. आठवडाभर दुकानात टिकलेले घ्या, कालच आलेले नको. डोळ्यादेखत खाणं टाकायला सांगा, न खाणारा घ्यायचा नाही. पाठीवर रंग पांढुरका पडलेला, थव्यापासून लांब लटकलेला, पंख मिटून बसलेला नको, आणि त्या टाकीत एकही मेलेला दिसला तर त्या टाकीतला कुठलाच नको.

खेकडा_मामा | १५ जुलै, सकाळी ९:००

थेंबांबद्दल: दुकान जवळचं आणि पिशवी तासाभराची असेल तर आरामात करा, वीस मिनिटं तरंगवा म्हणजे तापमान जुळेल, मग दर पाच-सात मिनिटांनी अर्धी वाटी तुमचं पाणी, तासाभरात जाळीने उचलून टबात, पिशवीचं पाणी बेसिनमध्ये. ते पाणी टबातसुद्धा नाही.

पण पिशवी लांबच्या प्रवासाची असेल, पार्सलने आलेली, दहा-बारा तासांची, तर उलटं. माशाच्या श्वासाने बंद पिशवीत कार्बन डायऑक्साईड साठतो, पीएच खाली जातो आणि त्या कमी पीएचला अमोनिया फारसा विषारी रूपात नसतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी दोन तास थेंब सोडत बसणं म्हणजे त्या पाण्यात मासा शिजवणं. तिथे तापमान जुळवा, उघडा, लगेच जाळीने बाहेर.

बोअरवेल_बाबा | १५ जुलै, सकाळी १०:४५

हे पिशवीचं मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी पार्सलने मागवलेले एंजल मासे मी तीन तास थेंब सोडून मारले, आणि शिव्या कुरिअरवाल्याला घातल्या.

संध्याकाळची_लोकल | २० जुलै, रात्री १०:५०

आज कुर्ल्याला गेलो. मासेबाजार पहिल्यांदाच पाहिला, दाराला पिशव्या टांगलेल्या आणि प्रत्येकीत एकेक फायटर, लेक हलायला तयार नाही. तीन दुकानं फिरलो. तिसऱ्यात मुलाने विचारताच सांगितलं की हे दहा दिवसांपूर्वीचे, ते परवाचे, ते नका घेऊ. खाणं टाकून दाखवलं. आठ नियॉन घेतले (काकू माफ करा, सहा म्हणून गेलो होतो). ऑक्सिजन भरून वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

येताना लोकलला रविवारची गर्दी, पिशवी छातीशी धरून दारातल्या दांड्याला टेकून आलो. लेकीने ठाण्यापर्यंत तीन वेळा कागद उघडून बघितलं, तेव्हा एका बाईंनी जागा दिली, मला नाही, पिशवीला. घरी आल्यावर लाईट बंद, वीस मिनिटं, वाटी वाटी पाणी, जाळीने टबात. आज खाणं नाही. आठही जिवंत. कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे आहेत, रंग फिका पडलाय.

निळू_काकू | २१ जुलै, सकाळी ७:३०

रंग फिका पडतोच, प्रवासाने आणि अंधाराने. सकाळी परत येतो. आठचं आपण नंतर बघू 😄

संध्याकाळची_लोकल | २४ जुलै, सकाळी ७:०५

काकू, मामा, कोणी आहे का? दोन नियॉनच्या शेपटीवर पांढरे ठिपके, बारीक रवा चिकटल्यासारखे. एक पाईपला अंग घासतोय.

खेकडा_मामा | २४ जुलै, सकाळी ७:४०

व्हाइट स्पॉट. घाबरू नका, टबात आहेत हे नशीब. टाकीत असते तर मॉलीसकट सगळं घर आजारी.

समजून घ्या म्हणजे मध्येच थांबणार नाही. तो ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसलेला परजीवी, तिथे औषध पोचत नाही. तो पिकतो, गळून तळाला जातो, तिथे फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती मासा शोधत पोहतात. फक्त ती पोहणारी पिल्लं मरतात औषधाने, मिठाने. २५ अंशाला हे चक्र आठवडाभर चालतं, ३० अंशाला तीन-चार दिवसांत उरकतं. म्हणून हीटर लावून रोज एक-दीड अंश करत ३० पर्यंत न्या. हीटर प्लॅस्टिकला टेकू देऊ नका. गरम पाण्यात हवा कमी विरघळते म्हणून बुडबुडे वाढवा. खडेमीठ, नुसतं, आयोडीनवालं नको म्हणतात त्यावर वाद आहे पण खडेमीठ मिळतंच की. तुमचा टब २० लिटर, आज २० ग्रॅम विरघळवून, उद्या मासे बरे दिसले तर अजून २०. रोज तळातलं पाणी नळीने ओढून थोडं बदला, जितकं बदलाल तितकंच मीठ परत. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही दहा दिवस चालू ठेवा. लोक तिथेच चुकतात, ठिपके गेले की हीटर काढतात.

अर्धा_ग्लास | २४ जुलै, सकाळी ८:१५

दुकानदाराने फसवलं म्हणजे.

निळू_काकू | २४ जुलै, सकाळी ८:५०

नाही हो, तसं लगेच म्हणू नका. दुकानात शंभर टाक्या, बऱ्याचदा एकाच जाळीने चालतं, आणि प्रवासाच्या ताणाने दबलेलं वर येतं. टब असतो तो त्यासाठीच.

संध्याकाळची_लोकल | ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

एक गेला, दुसऱ्याच दिवशी. चौदावी काडी. बाकी सात ठणठणीत, ३० जुलैनंतर एकही ठिपका नाही, मीठ हळूहळू काढलं, तापमान खाली आणलं. आई रोज सकाळी पूजा झाली की टबासमोर खुर्ची टाकून बसते आणि ठिपके शोधते. मला नंबर लागत नाही चष्म्याचा, तिला लागतो, तरी तिलाच आधी दिसतात.

संध्याकाळची_लोकल | १७ ऑगस्ट, रात्री ८:४५

सोडले!! दिवे बंद करून, टबाचं आणि टाकीचं पाणी तासभर जुळवून. आधी दहा मिनिटं खड्यांना चिकटून होते, मग एक निघाला आणि सहाही मागे. मॉली बघत राहिली. दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजणारच आहे.

एक प्रश्न, २६ ला गावाला जातोय गणपतीला, पाच दिवस. शेजारच्या वहिनी खाणं घालतील म्हणाल्यात.

तळलेला_बोंबील | १७ ऑगस्ट, रात्री ९:००

वहिनींना डबा देऊ नका!!! माझ्या शेजाऱ्यांनी पाच दिवसांत अख्खा डबा घातला, "बिचारे वर येऊन मागतात हो". आलो तर टाकीत सूप.

निळू_काकू | १७ ऑगस्ट, रात्री ९:४०

मोठे धडधाकट मासे पाच दिवस उपाशी राहतात, काही होत नाही. अगदीच वाटलं तर तुमच्या आईंचा गोळ्यांचा डबा असतो ना, सोमवार मंगळवार लिहिलेला, त्यात दोनच वारांना चिमूटभर भरा आणि बाकीचा डबा घरात कुलपात. वहिनींना सांगा पाण्याला हात लावायचा नाही, फक्त फिल्टर चालू आहे ना बघा आणि लाईट गेले तर बॅटरीचा पंप.

संध्याकाळची_लोकल | ८ सप्टेंबर, रात्री १०:१०

आलो, सगळे आहेत. वहिनींनी गुरुवारी आणि शनिवारी घातलं, बाकीच्या वारांच्या खान्यांत मी आईच्या गोळ्या काढायला विसरलो होतो, त्यांनी विचारायला फोन केला की या पिवळ्या पण घालायच्या का. वाचलो.

परवा मात्र एक घोटाळा होता होता राहिला. नळाला पाणी नव्हतं म्हणून सोसायटीने टँकर मागवला, मी तेच बादलीत घेतलं होतं. सहज टीडीएस मीटर घातला तर ६१०. एरवी आमचं ९०. आता मीटरचा उपयोग कळला. पाणी बदललंच नाही, नायट्रेट २०च आहे तर चार दिवस थांबायला हरकत नाही ना?

खेकडा_मामा | ८ सप्टेंबर, रात्री १०:३५

काही हरकत नाही. थांबा नळ येईपर्यंत. खाणं निम्मं करा.

संध्याकाळची_लोकल | ८ सप्टेंबर, रात्री १०:४१

ओके. आणि लेक विचारतेय कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे) कधी. मी सांगितलं टब अजून धुतला नाही.

निळू_काकू | ८ सप्टेंबर, रात्री १०:५५

बरोबर सांगितलंत. टब धुऊन उन्हात वाळवा आधी. किती आणणार?

संध्याकाळची_लोकल | ८ सप्टेंबर, रात्री १०:५७

सहा. यावेळी खरंच सहा.